जबाबदारीच्या माणसाने रजा कशी घ्यावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

रजेचं ठरतं, गाडी सांगितली जाते, बॅगा भरल्या जातात. निघायच्या आदल्या रात्री सरपंच, पतसंस्थेचा चेअरमन, मुख्याध्यापक किंवा कुपवाडच्या वर्कशॉपचा मालक कुणाला तरी फोन करून सांगतो, "चार दिवस जरा बघ रे." रजा इथेच फसते. ज्याला सांगितलं त्याला नेमकं काय बघायचं हे माहीत नसतं, सहीचा अधिकार नसतो आणि लोकांनाही तो आता जबाबदार आहे हे ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन सुरू होतात, तिसऱ्या दिवशी माणूस परत येतो आणि म्हणतो, "आपल्याला सुट्टी मानवत नाही."

सुट्टी न मानवण्याचं कारण बहुतेक वेळा क्रमात असतं. आधी ठिकाण ठरतं, मग गाडी, आणि काम कुणाकडे द्यायचं हे सगळ्यात शेवटी. हा लेख सांगली जिल्ह्यातल्या अशा माणसांसाठी आहे ज्यांच्या एका फोनवर बरंच काही हलतं आणि ज्यांना म्हणूनच थांबायचं धाडस होत नाही.

मनाला लागणाऱ्या टोचणीबद्दल आधी थोडं बोलायला हवं. रजेवर असताना जे अपराधी वाटतं त्यातलं बरंचसं रास्त असतं. काम वाऱ्यावर सोडलेलं असतं आणि मनाला ते कळत असतं. अशा वेळी "स्वतःकडे लक्ष द्या" म्हणून उपयोग नाही, काम नीट सोपवलं तरच ती टोचणी जाते. उरलेली टोचणी सवयीची असते. आपण नसताना गाडं सुरळीत चाललं तर आपली किंमत काय राहिली, ही भीती तिच्या मुळाशी असते. ती एका रजेत जात नाही, दुसऱ्या-तिसऱ्या रजेत कमी होत जाते.

जागेवरून न हलणं म्हणजेच जबाबदारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी बँकांचा एक नियम बघावा. संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, सलग किमान १० कामकाजाचे दिवस, आधी न कळवता सक्तीच्या रजेवर पाठवावं असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. त्या दिवसांत त्यांना कामाच्या संगणक प्रणालीत शिरता येत नाही. माणूस जागेवर नसला की त्याने काय झाकून ठेवलं होतं आणि काय त्याच्या एकट्याच्याच डोक्यात होतं, दोन्ही बाहेर येतं. तुमच्या रजेतही संस्थेची अशीच तपासणी होते.

शरीराचा हिशेबही समोर असू द्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये एकत्र मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, तर रक्तपुरवठा अडून होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. आपल्याकडच्या कुठल्याही चालत्या संस्थेच्या प्रमुखाने आपले तास एकदा प्रामाणिकपणे मोजावेत. सकाळच्या फोनपासून रात्रीच्या लग्नाच्या हजेरीपर्यंत सगळे.

## टप्पा १: आधी आठवड्यातली अर्धी सुट्टी

एकदम आठ दिवसांची रजा काढू नका. आधी महिनाभर आठवड्यातला एक अर्धा दिवस बाजूला काढा. दुपारी दोननंतर ऑफिस नाही, फोन घरच्या कपाटात. वार कायम एकच ठेवा, म्हणजे लोकांनाही सवय होते. सोमवार आणि गावच्या बाजाराचा दिवस टाळा.

हा अर्धा दिवस आराम कमी देतो, माहिती जास्त देतो. कुणाचं काम तुमच्यावाचून अडलं, कुणाचं उगाचच तुमच्यापर्यंत आलं, कोणी स्वतःहून निर्णय घेतला, हे चार आठवड्यांत कळतं. अर्धा दिवस ज्याला जमत नाही त्याची पाच दिवसांची रजा फोनवरच जाणार, हे धरून चाला.

सावध: रात्रीच्या प्रवासाला विश्रांतीतून वेळ कापू नका. पहाटे पाचला उठून पुण्याची बैठक केली आणि रात्री आठला परतीला निघालात, तर दहा वाजता तुम्हाला जागं होऊन १७ तास झालेले असतात. तेव्हा गाडी अजून साताऱ्याच्या आसपास असते. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात सुमारे ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं प्रयोगांत आढळलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मुक्काम करा, नाहीतर झोप झालेला ड्रायव्हर न्या. "घरी जाऊनच झोपू" या हट्टापायी या हायवेवर पुरेसे संसार उघडे पडले आहेत.

तपासणी: चार अर्ध्या दिवसांपैकी निदान दोन फोनशिवाय गेले का? गेले असतील तर पुढे चला. नसतील तर आणखी एक महिना इथेच थांबा.

## टप्पा २: तारीख धंद्याच्या कॅलेंडरवर ठरवा

मोकळा आठवडा येईल तेव्हा जाऊ, असं म्हणणारा कधीच जात नाही. वर्षातला सगळ्यात कमी भाराचा आठवडा शोधायचा आणि तो दोन महिने आधी लिहून टाकायचा. तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

साखर कारखान्याशी बांधलेल्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यांनी एप्रिलअखेर ते मे हा काळ धरावा. तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदारांनी तर तो सोडूच नये, कारण पावसाळा आला की मुकादमांचे करार आणि उचल यांचं चक्र पुन्हा सुरू होतं. हळदीच्या अडत्यांना मार्केट यार्डात जानेवारी-फेब्रुवारीपासून मेपर्यंत मान वर करता येत नाही, त्यांनी पावसाळा बघावा. तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्षवाल्यांना ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून माल निघेपर्यंत बाग सोडता येत नाही आणि लगेच एप्रिलची खरड छाटणी येते. त्यांना जुलै-ऑगस्टमध्येच थोडी सवड मिळते.

पतसंस्थेला ३१ मार्च, त्यानंतर लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. सभा झाली की लगेचचा आठवडा चेअरमनने घ्यावा, दिवाळीच्या ठेवींची धावपळ सुरू व्हायच्या आत. मुख्याध्यापकांनी १ मेचं झेंडावंदन आणि निकाल आटोपला की निघावं. मे महिन्याच्या शेवटाची वाट बघणारा मुख्याध्यापक प्रवेशाच्या कामात अडकतो.

कुपवाड-मिरजच्या कारखानदारांसाठी महिन्याच्या आतच जागा असते. मासिक भरणा असणाऱ्यांना ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरणपत्र). म्हणजे २१ पासून महिनाअखेरपर्यंतचे दिवस कागदोपत्री हलके. मार्च सोडून कुठल्याही महिन्यात ही खिडकी मिळते.

सरपंचांनी ग्रामसभांच्या तारखा आणि मासिक सभेचा दिवस आधी लिहून घ्यावा. कृष्णा-वारणाकाठच्या गावच्या सरपंचांनी जुलै-ऑगस्टमध्ये लांब जाऊच नये. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या माणसाचं मन त्या दिवसांत बाहेर रमत नाही, आणि ते योग्यच आहे.

किती दिवस? पहिल्यांदा दोन रात्री, मग चार-पाच दिवस. लांबलचक रजेचा ताजेपणाही कामावर परतल्यावर काही आठवड्यांत ओसरतो, असं अभ्यासांमध्ये वारंवार आढळलं आहे. त्यामुळे वर्षातून एकदा पंधरा दिवस जाण्यापेक्षा तीन-चार वेळा चार दिवस जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

नेहमीची चूक: कार्यकर्त्यांना घेऊन केलेली तिरुपतीची ट्रिप रजेत मोजणं. त्या प्रवासात तुम्ही यजमान असता. कोण कुठे झोपणार, कुणाला काय खायचं, सगळं तुमच्या माथी. देवदर्शन जरूर करा, पण ते रजेच्या खात्यात लिहू नका.

## टप्पा ३: दोन आठवड्यांची वही

तारखेच्या महिनाभर आधी एक साधी दोनशे पानी वही घ्या. पंधरा दिवस जे जे तुमच्याकडे येतं ते एका ओळीत लिहा. "वॉर्ड तीनला पाणी आलं नाही." "ठेवीदाराला मुदतीआधी रक्कम हवी." "जॉब रिजेक्ट आला, पार्टीला काय सांगू?" "पोराच्या ॲडमिशनला शिफारस द्या." लाजेने काही वगळू नका. बारशाचं आमंत्रणसुद्धा लिहा.

पंधरा दिवसांनी प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: मी, दुसरा, थांबेल. "मी" म्हणजे कायद्याने किंवा खरोखरच माझ्यावाचून होणार नाही असं. हा शब्द लिहिताना हात आखडता घ्या. वॉर्ड तीनचं पाणी तुमच्यामुळे येत नाही, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसामुळे येतं. तुमचा फोन गेल्याशिवाय तो हलत नसेल तर दुरुस्ती तिथे करायची.

"दुसरा" लिहिलेल्या प्रत्येक प्रकारासाठी अर्धं पान पुरे. काम कोणाचं, त्याचा नंबर, किल्ली कुठे, मागच्या वेळी काय केलं होतं. पंपाच्या स्टार्टरचा मिस्त्री, टँकरवाला, बँकेतले अधिकारी, वेल्डिंगचा पर्यायी माणूस, असे सगळे नंबर तुमच्या मोबाईलमधून कागदावर उतरले पाहिजेत. तुम्ही सोडून कुणाकडेच नाहीत असे नंबर आढळले की मनाला बरं वाटतं. पण त्यातला एकेक नंबर संस्थेसाठी धोका आहे.

तपासणी: अर्ध्याहून जास्त ओळींपुढे "मी" आलं असेल तर वही घरच्या किंवा ऑफिसातल्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला दाखवा आणि पुन्हा भरा.

## टप्पा ४: जागेवर कोण?

हा टप्पा सगळ्यात अवघड आहे, कारण इथे विश्वासाचा प्रश्न येतो.

एकच माणूस नेमा. दोघांना सांगितलं की काम तिसऱ्याकडे जातं आणि शेवटी तुमच्याकडे परत येतं. पद ज्याचं आहे त्याला पहिला मान द्या: सरपंचांच्या जागी उपसरपंच, चेअरमनच्या जागी व्हाइस चेअरमन, मुख्याध्यापकांच्या जागी उपमुख्याध्यापक किंवा सेवाज्येष्ठ शिक्षक. सरपंच गैरहजर असताना ग्रामपंचायतीच्या सभेचं अध्यक्षपद उपसरपंच घेतो, ही कायद्यातलीच सोय आहे. ती डावलून पुतण्याला, मेहुण्याला किंवा ड्रायव्हरला "तू बघ" म्हणणं ही आपल्याकडची जुनी चूक. घरच्या माणसाकडे अधिकार नसतो, फक्त तुमचं नाव असतं. त्या नावावर तो काय कबूल करून बसेल ते परत आल्यावर निस्तरावं लागतं.

उपसरपंच दुसऱ्या गटाचा असेल तर? बऱ्याच गावांत तो असतोच. तरीही त्यालाच द्या, आणि चार लोकांसमोर द्या. सभेत सांगून दिलेल्या कामात माणूस घोळ घालत नाही, कारण श्रेय आणि दोष दोन्ही त्याच्या नावावर जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. चोरून जाणाऱ्या सरपंचाच्या मागेच राजकारण होतं.

अधिकार आकड्यात सांगा. "किरकोळ खर्च बघून घ्या" यात काहीच सांगितलेलं नसतं. "५,००० पर्यंत दुरुस्ती मला न विचारता, त्यावर २५,००० पर्यंत अकाउंटंटशी बोलून, त्यापुढचं मी आल्यावर" असं सांगितलं की समोरच्याचे हात मोकळे होतात. आकडे तुमच्या संस्थेच्या नियमांप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे ठरवा.

मग सराव. टप्पा १ मधल्या अर्ध्या सुट्टीला त्याच माणसाला तुमच्या खुर्चीत बसवा. खुर्ची हा शब्द शब्दशः घ्या. लोक टेबलापलीकडे कोण बसलंय ते बघतात.

सावध: त्याने तुमच्यासारखाच निर्णय घ्यावा ही अपेक्षा सोडा. नियमात बसणारा आणि नुकसान न करणारा निर्णय असेल तर तो चालला पाहिजे.

## टप्पा ५: सह्या, चेक, डीएससी, ओटीपी

जोखीम या टप्प्यात आहे. घाई करू नका, किमान तीन आठवडे आधी हातात घ्या.

कोरे सही केलेले चेक ठेवून जाऊ नका. कितीही विश्वासू माणूस असला तरी नाही. द्यायच्या रकमा आधी द्या किंवा बँकेत तारीख टाकून लावून ठेवा. संस्थेच्या खात्यावर पर्यायी सहीचा अधिकार द्यायचा असेल तर संचालक मंडळाचा ठराव, त्याची प्रत बँकेला, नव्या माणसाचं केवायसी आणि नमुना सही असं सगळं लागतं. बँक हे एका दिवसात करून देत नाही. म्हणून तीन आठवडे.

डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये सोडू नका. ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन खर्चाला सरपंच आणि ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. बऱ्याच ठिकाणी सरपंचांचं डोंगल आणि पासवर्ड संगणक ऑपरेटरकडेच असतो. रजा असो वा नसो, हे थांबवा. ती तुमची सही आहे आणि तिच्यामागची जबाबदारीही तुमचीच. निघण्याआधी देय बिलं ग्रामसेवक भाऊसाहेबांबरोबर बसून मार्गी लावा, उरलेली परत आल्यावर.

ओटीपी फोनवरून सांगू नका. छोट्या कारखानदारांची रजा बहुधा इथे मोडते, कारण बँक, जीएसटी, टेंडर सगळ्यांचा ओटीपी मालकाच्या मोबाईलवर येतो. जीएसटीच्या पोर्टलवर दुसरा अधिकृत स्वाक्षरीकर्ता जोडता येतो. चालू खात्याच्या नेटबँकिंगमध्ये एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी वेगवेगळ्या युजरची सोय बऱ्याच बँका देतात. कर सल्लागारांना आणि बँकेला आत्ताच विचारा.

पुढच्या तारखेचे कोणते चेक बाहेर आहेत त्याची यादी करा आणि तेवढी रक्कम खात्यात ठेवा. तुम्ही डोंगरावर असताना चेक परत गेला तर पुढचे सहा महिने वसुलीच्या नोटिसांत जातात.

तपासणी: रजेतल्या प्रत्येक तारखेपुढे "आज सही लागेल का?" असं लिहा. उत्तर "हो" असेल तर एकतर काम आधी उरका किंवा पर्यायी सही तयार ठेवा.

## टप्पा ६: फोन कधी करायचा ते लिहून द्या

"अगदीच अर्जंट असेल तर फोन करा" हे वाक्य वापरू नका. अर्जंट प्रत्येकालाच असतं. त्याऐवजी चार-पाच प्रसंग लिहून द्या. जीवितहानी किंवा गंभीर अपघात, आग, पोलिसांचा किंवा न्यायालयाचा कागद, ठरलेल्या रकमेपेक्षा मोठा तोटा, कुटुंबातलं गंभीर आजारपण. नदीकाठच्या गावांसाठी त्यात पाण्याची पातळी घाला.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. आकडा आधी ठरलेला असल्यामुळे पाणी चढताना "आता हलायचं का?" यावर वाद घालत बसावं लागत नाही. तुमच्या फोनची पातळीही तशीच आधी ठरलेली हवी. मशीन बंद पडणं ४० फुटांच्या खालचं, माणसाला इजा होणं ४५ च्या वरचं.

या यादीतला फोन कोण करणार? फक्त जागेवरचा माणूस. आणि तो कुणाच्या फोनवर येणार? शक्यतो तुमच्या नव्हे, सोबतच्या घरच्या माणसाच्या. घरच्यांनी यादी बघून ठरवावं की तुम्हाला उठवायचं की नाही. पती-पत्नीत हे आधी स्पष्ट बोलून घ्या, नाहीतर फोन घेणाऱ्याची रजा वाया जाते.

## टप्पा ७: लोकांना सांगणं

चार दिवस आधी सांगा. खोटं कारण देऊ नका. "तब्येत बरी नाही" म्हटलं की गाव शहाळी घेऊन दारात येतं आणि दोन दिवसांत वेगळीच बातमी फिरते. "महत्त्वाच्या कामासाठी बाहेरगावी" म्हटलं की तर्क सुरू होतात. सुट्टीला सुट्टी म्हणा. मेसेज एवढा पुरे:

"नमस्कार. सोमवार ते शुक्रवार मी कुटुंबासोबत सुट्टीवर आहे, फोन बंद राहील. पाणी, दाखले, तक्रारी: उपसरपंच आबांना भेटावे. बिलं आणि योजनांचे कागद: ग्रामसेवक भाऊसाहेब. शनिवारी सकाळी दहाला मी ऑफिसात आहे."

यात माफी नाही आणि कारणांची यादीही नाही. परत कधी भेटणार ते मात्र आहे. लोकांना तेवढंच हवं असतं. वयस्कर मंडळींना आणि मोठ्या ग्राहकांना मेसेजवर भागवू नका, स्वतः फोन करून सांगा आणि जागेवरच्या माणसाचं नाव तुमच्या तोंडून ऐकवा. "मी आणि ते एकच समजा, दादा" हे वाक्य तुमच्याकडून गेलं की त्यांचा प्रश्न मिटतो.

व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर अवे मेसेजमध्ये हाच मजकूर टाका. फोनवर डू नॉट डिस्टर्ब लावताना, एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देणारी सोय बंद करा. आपल्याकडे कुणी एकदाच फोन करून थांबत नाही.

## टप्पा ८: निघण्याआधीचा दिवस

नवीन काम घेऊ नका. दुपारी जागेवरच्या माणसासोबत तासभर बसून वही, अर्धी पानं आणि किल्ल्या द्या. रात्री जेवणाआधी, डोक्यात घोळणारं प्रत्येक अर्धवट काम एका कागदावर लिहा आणि त्यापुढे त्याची पुढची पायरी आणि तारीख टाका. काम पूर्ण झालं नाही तरी पुढची पायरी ठरली की मन ते कमी उगाळतं. कागद ऑफिसातच ठेवा, बॅगेत नको.

## टप्पा ९: रजेवर असताना

पहिले दोन दिवस वाईट जाण्याची शक्यता मोठी आहे. डोकं जड, चिडचिड, बारा-बारा तास झोप किंवा अजिबात झोप नाही, हात सारखा खिशाकडे. त्यावरून "मला सुट्टी सोसत नाही" असा निष्कर्ष काढू नका. वेग कमी होताना असं होतं. तिसऱ्या दिवशी जेवणाची चव कळायला लागते.

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. उठायची वेळ घरच्यासारखीच ठेवा, दुपारी हवं तर वीस-पंचवीस मिनिटं आडवं व्हा. दुपारनंतरचा चहा कमी करा, त्यातलं कॅफिन पाचेक तासांनीही निम्मं अंगात असतं. झोप यावी म्हणून दारू घेणाऱ्यांची पहाटेची झोप मोडते.

ठिकाण जवळचं निवडा, पण आपल्या मतदारसंघाबाहेरचं. ओळखीच्या गावात झाडाखाली बसलात तरी कुणीतरी अर्ज घेऊन येतो. वाळव्याच्या माणसाला दंडोबाचा डोंगर चालेल, मिरजेच्या माणसाला देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य. बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी शांत बसता येतं. मे महिन्यात महाबळेश्वरला आणि सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी कासला जाऊ नका, गर्दीत अर्धी सांगली भेटेल. काहीच जमलं नाही तर रोज संध्याकाळी हरिपूरला संगमावर तासभर बसा, तेही चालतं.

घरीच राहून रजा घेणाऱ्या बायांसाठी वेगळं सांगायला हवं. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, बचत गट तर त्याच चालवतात. पण महिला सरपंचाची सुट्टी म्हणजे घरच्यांना वाटतं, आता पापड-कुरडया उरकतील. ही रजा नाही, कामाची बदली आहे. म्हणून टप्पा ३ ची वही घरासाठीही भरा: दूध, डबे, सासऱ्यांची औषधं, गुरांचं पाणी. प्रत्येकापुढे घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव लिहा आणि शक्य असेल तर दोन रात्री घराबाहेरच राहा. माहेरी गेलात तर तिथेही चुलीपाशी बसायचं नाही, हे आईला आधी सांगून ठेवा.

पहिल्या रजेत जागेवरच्या माणसाने रोज संध्याकाळी सहाला एकच फोन करावा, दहा मिनिटांचा. दुसऱ्या रजेत तोही नको.

सावध: छातीत दुखणं, एका बाजूला बधिरपणा, बोलताना जीभ जड होणं यांवर विश्रांती हा उपाय नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठा. झोप उडून, कशातच रस न वाटून आठवडे झाले असतील तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

## टप्पा १०: परतल्यावरचा पहिला आठवडा

एक रात्र आधी घरी या. सकाळी उतरून थेट ऑफिसात जाणारा माणूस दुपारपर्यंत पुन्हा पहिल्यासारखा थकतो.

पहिले दोन तास फक्त जागेवरच्या माणसासाठी. दार बंद, बाहेर बसलेल्यांना चहा. त्याने काय काय निर्णय घेतले ते ऐका आणि त्या वेळात एकही बदलू नका. एखादा चुकला असेल तर एकांतात बोला, दुरुस्ती त्याच्याच हातून करून घ्या. चारचौघांत "हे कुणी केलं?" म्हणालात, तर पुढच्या वेळी कुणी निर्णयच घेणार नाही आणि तुमची पुढची रजा आजच संपली. पुढच्या बैठकीत त्याचं नाव घेऊन आभार माना.

मग वहीत तीन गोष्टी लिहा. कोणतं काम अडलं, कोणत्या कामाला रकमेची मर्यादा कमी पडली, आणि कोणती कामं तुमच्यावाचून आधीपेक्षा लवकर झाली. तिसऱ्या यादीतली कामं परत घेऊ नका. ती आता त्या माणसाचीच.

साठलेले मेसेज सगळे वाचायची गरज नाही. शेवटच्या दिवसाचे आधी बघा, जुन्यांतले बरेच आपोआप मिटलेले असतात.

आठवडा संपायच्या आत दोन तारखा लिहा. एक तुमच्या पुढच्या रजेची. दुसरी त्याची, जो तुमच्या जागेवर बसला होता. त्याला विचारा कधी जायचंय, आणि त्या दिवसांसाठी त्याच्या कामाच्या किल्ल्या तुम्ही घ्या.